चाचांचं काचेचं कपाट

आपल्या चुका काचेच्या कपाटात मांडून गिऱ्हाइकाला आधी त्याच दाखवणारा कारखानदार अख्ख्या वाळूजमध्ये एकच असेल, आणि माझे बाबा गेली बावीस वर्षं त्याच्याकडंच कामाला आहेत. शेडमधले सगळे त्यांना चाचा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. बिघडलेला प्रत्येक पुर्जा त्या कपाटात जातो आणि ज्याच्या हातून तो बिघडला, त्यानं स्वतःच्या अक्षरात कारण लिहून चिठ्ठी लावायची. चाचांच्या स्वतःच्याच चिठ्ठ्या सगळ्यात जास्त आहेत. एकीवर नुसतं लिहिलंय, 'बायकोशी भांडून आलो होतो.'

चाचा मशीन बघत नाहीत, ऐकतात. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून डॉक्टरसारखे डोळे मिटतात. एका प्रदर्शनात त्यांनी कोरं करकरीत मशीन असंच तपासलं आणि विकणाऱ्याला हळूच सांगितलं, की याला सर्दी झालीये. विजेवरची स्कूटर घेतली, तेव्हा चाचींना वाटलं की हर्सूलच्या घरून बाजारात जायची सोय झाली. चाचांनी पहिल्याच रविवारी ती बैठकीत चादरीवर सुटी सुटी करून मांडली. पुढं महिनाभर चाची रिक्षानं फिरल्या आणि विचारणाऱ्याला सांगत राहिल्या, "गाडी हाय ना आमच्याकडं. पलंगाखाली."

मला मात्र त्या चादरीकडं बघून हसू आलं नाही. आमच्या शेडमध्ये मोटारसायकलच्या गिअरबॉक्समध्ये बसणारी पितळी बुश बनते, अंगठीएवढी. चादरीवर गिअरबॉक्सच नव्हता. आमची बुश घेणाऱ्या कंपनीनंही कळवलं होतं, की आता विजेच्या गाड्या काढणार, बुशचं काम बंद होणार. शेडमधल्या चौदा माणसांचं काय, हे कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं. चाचांनी चादरीवरून मोटरचा शाफ्ट, म्हणजे मधला फिरता दांडा, उचलला आणि म्हणाले, "एवढा जमंल आपल्याला."

शेडमध्ये नमुन्याचे शाफ्ट बनू लागले आणि ते तपासायला त्याच कंपनीच्या मॅडम येणार होत्या. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळं सादरीकरण माझ्यावर आलं. वर्गात शिकवलं होतं तसं मी सगळं केलं: बाजार, स्पर्धक, आपली बलस्थानं. 'उणिवा' या पानावर काय लिहावं ते सुचेना, म्हणून मी ते पानच काढून टाकलं. आणि कपाटावर सुरक्षा सप्ताहाचा बॅनर टांगला. मला वाटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे.

मॅडमनी माझं सादरीकरण शांतपणे ऐकलं. एकही प्रश्न न विचारता वही मिटली. मग चाचा उठले आणि माझ्याकडं न बघता बॅनर काढून त्याची नीट घडी घातली. सगळ्यात पुढं त्याच आठवड्यातला शाफ्ट होता. त्याला बाबांची चिठ्ठी होती. मॅडमनी ती वाचली, 'गरम असतानाच मोजला. गार झाल्यावर बारीक निघाला.'

बाबा मशीनपाशी मान खाली घालून उभे होते. मला वाटलं, संपलं.

"मग आता काय करता?" मॅडमनी त्यांनाच विचारलं.

"थांबतो," बाबा म्हणाले. "बुशला एवढं लागत नव्हतं, मॅडम. बावीस वर्षांची सवय हाय. आता गार होऊ देतो, मग मोजतो."

मॅडमनी त्यांना समोरच एक शाफ्ट करायला सांगितला. बाबांनी तो करून गार व्हायला ठेवला. तोवर चाचा चहा पीत बसले. मॅडमनी स्वतः मोजलं, पुन्हा मोजलं. माप बरोबर होतं. मग त्या बाकीच्या चिठ्ठ्या वाचत बसल्या. 'बायकोशी भांडून' वाचताना त्या हसल्या असाव्यात. तीन महिन्यांचं काम चाचणी म्हणून मिळालं. त्या गेल्यावर चाचांनी बॅनर माझ्या हातात दिला आणि एवढंच म्हणाले, "बेटा, चांगला माल तर सगळेच दाखवतात."

गेल्या आठवड्यात शेवटची बुश निघाली. बाबांनी ती पुसून चाचांना दिली. चाचांनी तिला उजेडात फिरवून पाहिलं, मोजलं आणि कपाटात ठेवली. मग कागद माझ्यापुढं सरकवला. बाबांचे हात तेलाचे होते, म्हणून असेल. मी विचारलं, कारण काय लिहू?

चाचांनी बुशच्या बंद लेथ मशीनवर हात ठेवला. तिथं ऐकण्यासारखं काही नव्हतं.

"लिही," ते म्हणाले. "पुर्जा बरोबर हाय. गाडी बदलली."