मोठ्यांसाठी काढलेलं कार्टून

भांडणं सोडवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमचे सर भांडणाऱ्यांना परत भांडायला सांगायचे. "हं, पुन्हा एकदा. जरा सावकाश," असं म्हणत ते थेट दोघांच्या मध्ये जाऊन उभे राहायचे. डोंबिवलीतल्या आमच्या गल्लीत पाण्याच्या टँकरवर रोज जुंपायची, त्यामुळे त्यांना कधी माल कमी पडला नाही. एकदा इस्त्रीवाला खवळला, "ओ काका, इथे आमचं डोकं फिरलंय आणि तुम्ही काय शूटिंग लावलंय?" सर शांतपणे म्हणाले, "तोंड कळलं रे. चिडल्यावर तुझा डावा हात कुठे जातो ते बघायचं राहिलं." इस्त्रीवाल्यानं नकळत आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि भांडण तिथेच विझलं.

सर मुंबईत जाहिरातींच्या कंपनीत होते. साबणाचे नाचणारे फुगे, हसणारे दात असलं काय काय त्यांनी वर्षानुवर्षं काढलं. मग पन्नाशीच्या आत नोकरी सोडून ते घरी बसले आणि स्वतःची कार्टून फिल्म काढायला लागले. ऐंशीच्या दशकाची अखेर होती ती. डोंबिवलीत माणूस नोकरी सोडतो म्हणजे एक तर तो आजारी असतो किंवा त्याला वेड लागलेलं असतं, अशी आमच्याकडे समजूत. सर आजारी दिसत नव्हते.

मी समोरच्या बिल्डिंगमध्ये राहायचे. चित्रकलेचा कोर्स करून घरी बसले होते, स्थळं बघणं चालू होतं. सरांनी मला रंग भरायला बोलावलं. काचेचं टेबल, त्याच्याखाली ट्यूबलाइट, आणि वर पारदर्शक प्लॅस्टिकचे ताव. प्रत्येक तावावर तोच माणूस, फक्त केसभर हललेला. फोटो काढून झाला की ताव पाण्यानं धुवायचे आणि परत वापरायचे, कारण नवे परवडत नव्हते. मोरीत रंगीत पाणी वाहायचं आणि दोरीवर साड्यांच्या शेजारी ताव वाळत पडायचे. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या, "दिवसभर नवरा काढायचा आणि संध्याकाळी मोरीत सोडायचा. बरं आहे तुमचं."

फिल्म होती एका डबलरूममधल्या कुटुंबाची. नवरा, बायको आणि सासू. नवराबायकोला एक तास एकांत हवा आहे, आणि तो काही केल्या मिळत नाही, एवढीच गोष्ट. रात्री सासू मध्ये झोपते. नवरा बायकोला खूण म्हणून हळूच खोकतो. लगेच सासू उठते, दिवा लावते आणि त्याला अडुळशाचा काढा पाजते. असं सारखं चालतं. शेवटी दोघं गच्चीवर पापड राखायच्या निमित्तानं जातात, तिथे एकदाचा एकांत मिळतो, आणि दमलेली ती दोघं बसल्या बसल्या झोपून जातात.

त्या खोकल्यात मी कित्येक आठवडे रंग भरले आणि त्यात काय गंमत आहे ते मला कळेना. "सर, हा आजारी आहे का?" मी विचारलं. सरांनी काकूंकडे पाहिलं, काकूंनी पदर तोंडाला लावला. "हे हसू लग्न झालेल्यांचं आहे," सर म्हणाले. "तुला नंतर कळेल. रंग भर."

आवाजही घरचेच. बायकोचा आवाज काकूंचा, सासूचा आवाज सरांच्या खऱ्या आईचा. गल्लीतले कुकर आणि हॉर्न ऐकू येऊ नयेत म्हणून दोघी भर मे महिन्यात गोधडी पांघरून माइकसमोर बसायच्या. आजींना आपण काय बोलतोय ते पुरतं समजत होतं, आणि त्या खट्याळपणे ते आणखी ठसक्यात बोलायच्या. फिल्म पुरी व्हायच्या आधीच त्या गेल्या. नंतर सर त्यांचा आवाज लावून त्याबरहुकूम सासूचे ओठ काढायचे. तेवढे ताव ते मला धुवायला देत नसत, स्वतः धुवायचे.

मधे माझं लग्न झालं आणि मी कोपरीला सासरी गेले. एका रात्री माझा नवरा खोकला आणि पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "आल्याचा रस देऊ का रे?" मी उशीत तोंड खुपसून हसत राहिले. तावांवरच्या त्या खोकणाऱ्या माणसाची मला इतकी आठवण आली की हसता हसता रडू यायला लागलं.

फिल्म तयार झाली तेव्हा गावातल्या एका मंडळानं ती दाखवायचं कबूल केलं. मी मुद्दाम कोपरीहून आले. काकू ठेवणीतली साडी नेसून, गजरा माळून दारात उभ्या होत्या. हॉलवर गेलो तर फळ्यावर लिहिलेलं: बालमेळावा, फक्त मुलांसाठी. आईबाप पोरांना दारात सोडत होते आणि भाजी आणायला जात होते.

सरांचा चेहरा उतरला. कार्यवाहांना ते म्हणाले, "अहो, पालकांना आत घ्या ना. ही मोठ्यांची फिल्म आहे."

"कार्टून आहे ना?" कार्यवाह समजुतीच्या सुरात म्हणाले. "मग मोठ्यांचं तिथे काय काम? आणि मुलांना बिस्किटांचे पुडेही देणार आहोत आपण."

दिवे मालवले. पडद्यावर सासू घसरली तेव्हा पोरं हसली. मग पुडे फोडायला लागली. खोकल्याचा प्रसंग आला तेव्हा एक पोर ओरडलं, "ए, याला डॉक्टरकडे न्या!" दुसऱ्यांदा खोकला आला तशा कार्यवाहांच्या सौभाग्यवती उठल्या. त्यांना अर्थातच कळलं होतं. "बंद करा आधी! पोरांना काय दाखवताय हे?" मशीन थांबलं. गच्ची आणि पापड आलेच नाहीत. बाहेर कुणी तरी म्हणालं, "आणि बायकोनं आवाज दिलाय म्हणे. लाज कशी वाटली नाही?" गजरा माळलेल्या काकू माझ्या शेजारीच उभ्या होत्या.

मला आजही त्या गावाचा राग येतो. मोठ्यांनी बघायला ती पोरकट होती आणि पोरांनी बघायला चावट. मग ती बघायची तरी कुणी?

पुढचं त्याहून वाईट. कार्यवाहांनी सुचवलं की घसरण्यापडण्याचं तेवढं ठेवा, बाकी काढून टाका, आपण दर वर्षी लावू. सरांनी कापलं. कॉपी एकच होती. त्यांचंही चूक म्हणवत नाही. डब्यात पडून राहण्यापेक्षा काही तरी कुणी तरी बघेल, असं त्यांना वाटलं असेल. सगळं जोडून झाल्यावर त्यांनी काकूंना दाखवलं. काकूंनी शेवटपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मी कुठाय?"

"डब्यात आहे. जपून ठेवलंय," सर म्हणाले. काकू स्वयंपाकघरात निघून गेल्या.

त्यानंतर दर मे महिन्यात सासू घसरायची आणि पोरं हसायची. सरांना कार्टूनवाले आजोबा म्हणायला लागले, शाल दिली, नारळ दिला. ते स्टेजवर उभे राहून हसायचे. काकू एकदाही गेल्या नाहीत.

नव्वदचं दशक संपता संपता सर गेले. त्याच हॉलमध्ये शोकसभा झाली. पुढच्या रांगांत शाळेची पोरं आणून बसवली होती. "मुलांमध्ये मूल होऊन रमणारा बालमित्र हरपला," कार्यवाह गहिवरून म्हणाले. कुणालाही वाटलं नव्हतं, पण काकू उठल्या आणि माइकपाशी गेल्या.

"तुमचा काही तरी गैरसमज झालाय," त्या म्हणाल्या. "ह्यांना लहान मुलं मुळीच आवडायची नाहीत. कुणाचं पोर घरी आलं की हे ब्रश लपवून ठेवायचे आणि स्वतः मोरीत जाऊन बसायचे."

आधी एक जण हसला. मग सगळा हॉल हसला. चष्मे काढून डोळे पुसत मोठी माणसं खदखदून हसली. पोरं त्यांच्याकडे बघत राहिली, त्यांना काही कळलं नाही.

काकू हसल्या नाहीत. सगळ्यांचं हसणं संपेपर्यंत त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "असं हसायलाच ह्यांनी तुम्हाला बोलावलं होतं. तेव्हा तुम्ही पोरांना पाठवलंत."

कार्यवाहांनी घाईघाईनं दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची विनंती केली. सगळे माना खाली घालून उभे राहिले. काकू तोवर चपला घालून बाहेर पडल्या होत्या.