साक्षीसाठी उसनं पाप

चहा गार झाला तरी चालेल, पण मध्येच ठसका लागू देऊ नका. कारण ही फजिती माझी आहे, एकट्याची आहे, आणि ती भर उपासनेत, नव्वद माणसांसमोर झालेली आहे. एरवी मी दुसऱ्यांच्याच फजित्या सांगतो, हे तुम्हाला माहीत आहे!

तर मी विल्यम सोनवणे. विश्रांतवाडीत माझं चष्म्याचं दुकान आहे. धर्माने ख्रिस्ती, आजोबांपासून. आणि खरी अडचण इथेच आहे.

अडचण कसली? आमच्या चर्चमध्ये साक्ष द्यायची पद्धत आहे. म्हणजे उपासनेत उभं राहायचं आणि प्रभूने आपल्याला कशातून बाहेर काढलं, आपलं तारण कसं झालं, ते सगळ्यांसमोर सांगायचं. आता जो खोल खड्ड्यातून वर आलाय त्याची साक्ष रंगणारच. आमचे वाघमारे मामा घ्या. रिक्षा चालवायचे, दारूने पार धुळीला मिळाले होते, आणि एक दिवस सुटले ते सुटलेच. आज वीसेक वर्षं थेंबाला शिवले नाहीत. मामा साक्षीला उठले की बायका पदर तयार ठेवतात. दर वर्षी त्या साक्षीत बाटल्या थोड्या वाढतात, पण ते जाऊ द्या. मी कोण बोलणारा?

आणि माझी साक्ष? "मी ख्रिस्ती घरात जन्मलो. संडे स्कूलला गेलो. मग मोठा झालो. प्रभूची स्तुती असो."

संपली! एकदा तर मी साक्ष देऊन खाली बसलो तरी शेजारच्याने विचारलं, "उठताय ना तुम्ही?"

आमच्या पाळकसाहेबांना मी ही व्यथा बोलून दाखवली. बारीक, शांत माणूस. म्हणाले, "विल्यम, तारण कृपेने होतं, पापाच्या वजनाने नाही. जे खरं आहे तेवढंच सांगायचं."

पटलं. अगदी पटलं. पण माझ्यासारख्या, कात्रजच्या घाटात साधं पंक्चर झालं तरी त्याची तासभर गोष्ट करणाऱ्या माणसाने चाळीस सेकंदांत बसायचं? हा अन्याय नाही का?

यंदा सुवार्तेचा आठवडा आला. प्रत्येकाला एक पिवळं कार्ड मिळालं. त्यावर तीन ओळी: कोणासाठी प्रार्थना, कारण, साक्ष देणाऱ्याचं नाव. कार्ड भरायचं, दाराजवळच्या पेटीत टाकायचं आणि त्या माणसाला आपल्या विश्वासाबद्दल सांगायचं. मी क्षणाचाही विचार न करता लिहिलं: नेने काका.

नेने काका म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, सदाशिव पेठेतून मुलाच्या फ्लॅटवर विश्रांतवाडीत राहायला आलेले. दर दोन दिवसांनी चष्म्याचा स्क्रू घट्ट करायला माझ्याकडे यायचे. स्क्रू कधीच सैल नसायचा. मी तो उगीच फिरवायचो, ते उगीच "हं, आता बरं वाटतंय" म्हणायचे आणि दोन तास माझा पेपर वाचत बसायचे.

पण बसलेला माणूस उठून जाऊ शकतो. म्हणून मी म्हटलं, "काका, आज नंबर तपासू." खुर्चीत बसवलं, तपासणीची ती जड फ्रेम नाकावर चढवली, तिच्यात दोन भिंगं सरकवली. आता हा माणूस पळून कुठे जाणार? समोर अक्षरांचा तक्ता, मागे मी!

"काका, तारणाबद्दल काही विचार केलाय का?"

"आधी शेवटची ओळ दिसू द्या."

"नाही, म्हणजे आत्म्याच्या तारणाबद्दल."

"सोनवणे, मला धर्म बदलायला सांगू नका. या वयात मला बँकेतली सहीसुद्धा बदलता येत नाही."

"बदलायला कोण सांगतंय? प्रभूने माझ्यासाठी काय केलं, ते फक्त सांगतो."

"सांगा. काय केलं? कशातून काढलं तुम्हाला?"

झालं! नेमका तोच प्रश्न. पुणेरी माणूस, सरळ मर्मावरच बोट. काय सांगणार होतो मी? संडे स्कूलमधून काढलं म्हणून?

माझ्या तोंडून शब्द निघून गेला, "दारूतून."

काकांनी मान वळवली. जाड भिंगांतून डोळे बटाट्याएवढे दिसत होते. "तुम्ही? दारू?"

आणि मग, काय सांगू, माझं तोंड माझं राहिलं नाही. रोजचा एक खंबा. बायकोचं मंगळसूत्र विकलं. बंडगार्डनच्या पुलाखाली मुक्काम. येरवड्याच्या तुरुंगात दोन रात्री!

"कशाबद्दल?"

"पुलाखालच्या मुक्कामाबद्दल."

अहो, मी आयुष्यात प्यायलोय ते फक्त प्रभुभोजनातला द्राक्षरस! तोसुद्धा एवढाशा पेल्यातून. खोकल्याच्या औषधाने मला गुंगी येते!

पण काकांनी फ्रेम काढली. डोळे पुसले. मी मनात म्हटलं, विल्यम, जिंकलास! संध्याकाळी पाळकसाहेबांना फोन करून सांगितलंसुद्धा, "साहेब, नेने काका हलले." कशामुळे हलले, ते तेवढं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका आले, पण एकटे नाही. सोबत चाळिशीतला एक माणूस, पाठीला ऑफिसची बॅग, हातात पाण्याची स्टीलची बाटली. डोळे लाल.

"हा मिलिंद. माझा मुलगा." काका खाली बघत बोलत होते. "याचंही तेच आहे. सूनबाई नातीला घेऊन लोणी काळभोरला माहेरी गेली, सहा महिने झाले. दारू सुटली तरच येईन म्हणाली. सोनवणे, देव माझा मला आहे. पण तुम्ही कसे सुटलात, तेवढं याला सांगा. याआधी मला असं कोणी भेटलंच नाही."

आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, हा माणूस दर दोन दिवसांनी घट्ट स्क्रू पुन्हा घट्ट करायला का येत होता. घरात बसवत नव्हतं.

खरं सांगायची वेळ हीच होती, नाही का? तुम्ही सांगितलं असतं. मीही सांगणारच होतो. पण मिलिंदने आधी विचारलं, "सकाळी हात थरथरायचे का हो तुमचे?"

"तर! दोन्ही!"

"पाण्यातून घ्यायचात की सोड्यातून?"

"सरबतातून."

"सरबतातून?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "बरं. सोडल्यावर तिसरा दिवस सगळ्यात वाईट असतो म्हणतात. मी तिसऱ्याच्या पुढे कधी गेलोच नाही. तुम्हाला काय झालं तिसऱ्या दिवशी?"

मी डोकं खाजवलं. "तिसऱ्या दिवशी... जरा सर्दी झाली."

मिलिंदने बाटलीतून दोन घोट घेतले. मी घाईघाईने म्हटलं, "रविवारी चर्चला या! तिथे आमचे वाघमारे मामा आहेत, ते सविस्तर सांगतील!" माझा बेत साधा. मामांच्या गळ्यात घालायचं आणि आपण कडेला व्हायचं.

रविवारी बापलेक आले. चौथ्या रांगेत बसले. मी आणि माझी बायको सुनंदा तिसऱ्या रांगेत. साक्षीची वेळ झाली, मी मामांकडे डोळ्यांनी खुणा करतोय, तेवढ्यात मागून आवाज आला, "मी बाहेरचा आहे. दोन मिनिटं बोललो तर चालेल?"

नेने काका! पाळकसाहेब म्हणाले, "अवश्य."

काकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. बँकेतला माणूस, सगळं टिपून ठेवलेलं! "या सोनवण्यांबद्दल बोलायचं आहे. हे रोज एक खंबा दारू पीत असत. यांनी पत्नीचं मंगळसूत्र विकलं. पुलाखाली राहिले. येरवड्याला दोन रात्री काढल्या."

नव्वद माना माझ्याकडे वळल्या. ऑर्गनवाल्या बाईंच्या हातून एक सूर आपोआप वाजला.

सुनंदाचा हात हळूच गळ्याशी गेला. क्रॉसचं पदक असलेलं मंगळसूत्र जागच्या जागी होतं. "अहो," ती कुजबुजली, "कुठलं विकलंत?"

"हळू बोल."

"मग हे काय आहे? आणि येरवड्याला कधी गेलात? मला म्हणालात, बहिणीकडे गेलो होतो!"

पलीकडून वाघमारे मामा वाकले. चेहऱ्यावर आदर! "अरे विल्यम, एवढं मोठं आणि कधी बोलला नाहीस?"

काका पुढे म्हणाले, "असा माणूस सुटू शकतो, हे बघून माझ्या मुलाने काल प्रयत्न करायचं कबूल केलं. मी इथे धर्मासाठी आलो नाही. आभार मानायला आलो."  कागदाची घडी नीट घालून खाली बसले.

आता सांगा, मी काय करावं? गप्प बसलो तर हे खोटं जन्मभर माझ्या डोक्यावर. बोललो, तर जी एकमेव दोरी धरून तो मुलगा वर यायला निघालाय, तीच मी कापणार. आणि तीही बापाच्या देखत.

सुनंदा शांतपणे म्हणाली, "तुम्ही उठताय की मी उठू?"

उठलो. पाय लटपटत होते. त्या क्षणी कोणालाही वाटलं असतं की खरोखरच एक खंबा झालाय.

"मंडळी," म्हटलं, "यातलं काही खरं नाही. मी कधी प्यायलो नाही. मला सांगण्यासारखी साक्ष नव्हती, म्हणून मी पाप उसनं घेतलं. मामांची साक्ष चोरली आणि वर माझी मीठमिरची लावली. प्रभूच्या नावाने मी नेने काकांशी खोटं बोललो. ज्या माणसाला खरी मदत हवी होती, त्याला मी थाप दिली. काका, मला माफ करा."

आणि बसलो. गंमत बघा, हीसुद्धा चाळीसच सेकंद!

 नेने काकांकडे बघायची माझी हिंमत होईना. मागे खुर्ची सरकली. गेले, म्हटलं. गेला मुलगा, आणि मीच घालवला.

तेवढ्यात कोणीतरी हसलं. मिलिंद! उभा राहून हसत होता.

"सर्दी!" तो म्हणाला. "सोनवणे काका, मला दुकानातच कळलं होतं. सरबतातून कोण घेतं हो?"

"मग आलास कशाला?" हे विचारलं त्याच्या बापाने.

मिलिंदचं हसू थांबलं. "बघायला आलो, बाबा. हा माणूस पकडला जातो तेव्हा काय करतो ते. मी पकडलो जातो तेव्हा आणखी एक थाप मारतो." त्याने ती स्टीलची बाटली पुढच्या खुर्चीवर ठेवली. "यात पाणी नाही. काल कबूल केलं तेव्हाही नव्हतं. आजही नाही."

काकांनी बाटलीकडे बघितलं. मग त्यांच्या नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "मला वाटतच होतं, आपल्या घराण्यात एवढी तहान कोणाला नव्हती." आणि मुलाचा हात धरला. सोडला नाही.

वाघमारे मामा उठले, बाटली उचलून पाळकसाहेबांकडे दिली आणि मिलिंदच्या शेजारी जाऊन बसले. "उद्या सकाळी आधी डॉक्टरकडे. मी येतो सोबत. तिसऱ्या दिवशी मी तुझ्या घरीच बसतो." मग थोडं वाकून, हळूच, "आणि माझ्या साक्षीतल्या बाटल्या ऐकशील ना, त्या अर्ध्या कर."

याला आता चार महिने झाले. मिलिंद तिसरा दिवस ओलांडून पार इथपर्यंत आलाय. रविवारी तो आमच्याकडे येत नाही, पण मंगळवारी मामांकडे न चुकता जातो. त्याची बायको अजून राहायला आलेली नाही. पण परवा लेकीला घेऊन भेटायला आली, तेव्हा तिची बॅग नेहमीपेक्षा मोठी होती, असा नेने काकांचा रिपोर्ट आहे. काका अजून माझ्याकडे येतात, अजून स्क्रू घट्ट करून घेतात. चतुर्थीला त्यांच्याकडचा मोदक मला मिळतो, नाताळचा केक त्यांच्यासाठी बाजूला ठेवायचा असं सुनंदाने आत्ताच बजावून ठेवलंय.

माझं काय झालं म्हणता? सुनंदाने दुसऱ्या दिवशी मंगळसूत्र कपाटात ठेवलं आणि मोकळा गळा दाखवत म्हणाली, "तुम्ही विकलंत ना? सगळ्या चर्चने ऐकलंय. चला, नवं आणायला." आणलं! काय करता?

पण खरा मार पुढेच आहे. त्या आठवड्याची कार्डं पाळकसाहेब पेटीतून काढत होते. मी शेजारीच उभा. म्हटलं, यंदा आपली साक्ष तरी गाजली! साहेबांनी एक पिवळं कार्ड काढलं, वाचलं आणि माझ्या हातात दिलं. अक्षर सुरेख, वळणदार, बँकेतलं.

कोणासाठी प्रार्थना: विल्यम सोनवणे.

कारण: थापा.

साक्ष देणाऱ्याचं नाव: ग. वि. नेने, बाहेरचे.

साहेब दर रविवारी ते कार्ड वाचतात. आणि सगळ्यात मोठ्याने 'आमेन' कोण म्हणतं, माहितीये? सुनंदा!