आज काय पाहिलंस?

आबांच्या धुळ्याच्या दवाखान्यात मी रुजू झाले तेव्हा डॉक्टर होऊन मला जेमतेम महिना झाला होता. आबा हे काही माझ्या नात्यातले नव्हेत. अख्खा तालुका त्यांना आबा म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले. मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली. तिथे दर दोन दारांनंतर भाषा बदलायची, म्हणून आमचं सगळं हिंदीवर चालायचं. खेड्यातली अहिराणी कानाला ओळखीची होती, पण धड कळत नव्हती.

दुसऱ्याच आठवड्यात शिंदखेड्याकडची एक बाई आली. साठी ओलांडलेली, एकटीच. "पोटमा जळस," म्हणाली. मी पोट दाबून पाहिलं, काय खाल्लं ते विचारलं आणि पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. ती गेल्यावर थोड्या वेळाने आबा त्यांच्या खोलीतून बाहेर आले.

"ती अक्का कुठे गेली? जाताना जबडा चोळत होती."

"दात दुखत असेल, आबा."

"तिच्या तोंडात दात आहेत कुठे?"

आबांनी पेशंट तसेच बसवून ठेवले, मला स्कूटरवर मागे घेतलं आणि थेट बसस्टँड गाठलं. शिंदखेड्याची गाडी लागलेलीच होती. बाई खिडकीशी बसली होती, घामाने निथळत. आबा आत चढले.

"अक्का, खाले उतर."

"मनी बस जाई ना!"

"जाऊ दे. मी तुले घर पोचाडसू."

दवाखान्यात आणून ईसीजी काढला. हार्ट अटॅक होता; पोटातली जळजळ आणि जबड्याची कळ त्याचीच होती. मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं आणि ती वाचली. घरी सोडलं त्या दिवशी आबांनी खरंच तिला आपल्या गाडीतून गावापर्यंत नेऊन पोचवलं.

पण तिला हॉस्पिटलात पाठवलं त्या दुपारी मला रडू आवरत नव्हतं. "आबा, मी चुकले," म्हटलं. असू दे, होतं असं कधीकधी, एवढं तरी ते म्हणतील असं वाटलं होतं.

"हो, चुकलीस," ते म्हणाले. "आता जेवून घे. आणि उद्यापासून आठ दिवस औषध लिहायचं नाही. बाहेर बाकावर बसायचं, पेशंटांमध्ये."

मला ती शिक्षाच वाटली. पहिले दोन दिवस मी मान खाली घालून बसले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाईने मला पेशंटच समजून "तुले काय व्हस?" असं विचारलं आणि माझं उत्तर यायच्या आत स्वतःचंच सगळं सांगून टाकलं. नवऱ्याच्या धाकाने बंद केलेल्या गोळ्या, चोरून खाल्लेला गूळ, सगळं. आत गेल्यावर यातलं ती आबांना एक अक्षर बोलली नाही. आठवडा संपला तेव्हा अहिराणीही मला बरीच कळू लागली होती.

पुढे चार वर्षं मी तिथेच राहिले. आबा रागीट होते. माझ्या अक्षरावरून त्यांनी मला भर दवाखान्यात झापलेलं आहे. शेवटच्या वर्षी त्यांनी एक नवी सवय लावली. पेशंटच्या छातीला स्टेथोस्कोप लावायचा, क्षणभर थांबायचं आणि नळ्या माझ्या कानात घालायच्या. "तू ऐक, मला सांग." ते माझी परीक्षा घेतात असं समजून मी जीव ओतून ऐकायचे. एकदा एका माणसाच्या छातीत एवढी घरघर होती की मला ती टेबलापलीकडून ऐकू येत होती, आणि तरी आबा माझ्या तोंडाकडे पाहत होते. तेव्हा लक्षात आलं. त्यांना ऐकूच येत नव्हतं.

पेशंट गेल्यावर मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "किती दिवसांपासून, आबा?"

"बऱ्याच." त्यांनी स्टेथोस्कोपची घडी घातली. "आता मी थांबतो."

मी दवाखाना चालवते म्हटलं तर त्यांनी ऐकलं नाही. "माझ्या खुर्चीत बसलीस तर माझीच नक्कल करत राहशील. जळगावला जा, स्वतःचं सुरू कर."

मी गेले. फोनवर बोलणं जमत नव्हतं, म्हणून रोज दुपारी त्यांचा मेसेज यायचा, 'आज काय पाहिलंस?' आजार नाही, पाहिलेलं लिहायचं असा नियम होता. मी लिहायचे, मुलगी डोळ्यांत डोळे घालून पाहत नव्हती. मी लिहायचे, म्हाताऱ्याने चपला चुकीच्या पायात घातल्या होत्या. त्यावर त्यांचे प्रश्न सुरू व्हायचे. कधी घाईत मी 'विशेष काही नाही' एवढंच लिहायचे. तेवढे दिवस आता परत मिळावेत असं वाटतं.

आबा झोपेतच गेले. त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर तापाने फणफणलेलं बाळ होतं. ते तपासलं, आईला सगळं समजावून सांगितलं आणि मग धुळ्याला निघाले. वाटेतलं पारोळा मागे पडेपर्यंत डोळ्यांतून पाणीही आलं नाही.

खरं दुःख जळगावला परतल्यावर सुरू झालं. इथे आबांना ओळखणारं कुणी नाही. दुपारी जेवून उठले की हात आपोआप फोनकडे जातो. सकाळपासून पाहिलेलं सगळं साठून राहतं आणि सांगायला माणूस नसतो.

मागच्या महिन्यात एक शेतकरी आले. धुळ्याजवळच्या खेड्यातले, सत्तरीचे. नंबर लावून तासभर बसले होते. आत आल्यावर मी विचारलं, काय होतंय?

"मी दवाई लेवाले नही उनू. आबासनी याद उनी. तुम्ही त्यासना हातखाले शिकेल ना?"

औषधाला नाही, आबांच्या आठवणीने आले होते ते. मी त्यांना चहा मागवला. ते सांगत होते, दर हिवाळ्यात आबा त्यांच्या मळ्यात भरीत खायला यायचे आणि जेवण झालं की लिंबाखाली आडवे होऊन चक्क घोरायचे. मी चार वर्षं त्यांच्याबरोबर काढली, पण आबांना झोपलेलं कधीच पाहिलं नव्हतं. मला त्या माणसाचा हेवा वाटला.

"अजून सांगा ना," मी म्हटलं. बाहेर पेशंट ताटकळले होते, पण त्या शेतकरीबाबांना मी उठू दिलं नाही.