घाटावरचा माईक
आमच्या कंपनीत माणसाला काढून टाकण्याआधी सुधारायची एक संधी देतात. मला ती मिळाली तेव्हा मॅनेजरनं कारण सांगितलं, संवादकौशल्य कमी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, उर्से ते भाजे, कुठल्याही गावच्या जत्रेत जाऊन विचारा, बैलगाड्यांच्या शर्यतीला माईकवर कोण असतं म्हणून.

कॉलेजात होतो तेव्हापासून मी घाटावर पुकारतो. घाट म्हणजे शर्यतीची चढाची वाट. तिच्यावरून एका वेळी एकच गाडा सुटतो, त्याला म्हणायचं बारी. डोळ्याचं पातं लवतंय तोवर बारी संपलेली असते. तेवढ्यात बैलाचं नाव, मालकाचं नाव, गाव, त्याच्या आज्याची पुण्याई, सगळं एका दमात तोंडातून यावं लागतं. विचार करायला वेळच नसतो. गाडामालक वर्षभर स्वतःच्या पोरांच्या तोंडचं दूध बैलाला पाजतो ते ह्या पुकाऱ्यासाठी. बक्षीस मिळो न मिळो, नाव घाटावर वाजलं पाहिजे.

हिंजवडीत नोकरी लागली, तळेगावात फ्लॅट झाला, तरी चैत्रातले रविवार मी कुणाला दिले नाहीत. प्रोग्रॅम लिहायचं काम मला आवडतं आणि त्यात मी कुणाला हार जात नाही. पण सकाळच्या मीटिंगला परदेशातला क्लायंट पडद्यावर आला की माझी दातखीळ बसायची. उत्तर माहीत असायचं, इंग्रजी वेळेवर यायचं नाही. मग शेजारचा माझंच काम आपलं असल्यासारखं सांगून मोकळा. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते म्हणतात, ते काही खोटं नाही.

बायको शाळेत इंग्रजी शिकवते. तिनं मला शिकवायचं मनावर घेतलं. "तू घाटावरच्यासारखा धावायला जातोस आणि अडतोस," ती म्हणाली. "थांबत जा. आधी वाक्य मनात पूर्ण कर, मग तोंड उघड." भाजी चिरताना, लोणावळ्याला जाताना गाडीत, सारखं तेच. मराठीत काही मागितलं तर ऐकूच आलं नाही असं दाखवायची. चिडचिड व्हायची माझी. पण निम्मं काम यंत्रच करायला लागलंय अशा दिवसांत, ह्या वयात, मला दुसरीकडे कोण दारात उभं करणार होतं? भीती वाटत होती मला, सरळ सांगतो. मुकाट्यानं शिकलो. मीटिंगमध्ये थांबून, शब्द जुळवून बोलायला लागलो. महिने गेले, क्लायंटनं कौतुक केलं, नोकरी राहिली. त्या दिवशी मी फार खूश होतो.

पुढच्याच रविवारी जत्रा होती. दुपारी एक म्हातारे गाडामालक, आबा, माझ्याकडे आले. माझ्या पहिल्या जत्रेपासून मी त्यांचा गाडा पुकारत आलोय.

"आमचा म्होरक्या बैल आता थकला," ते म्हणाले. "ह्याच्याफुडं पळवायचा न्हाई त्याला. जरा दणकून नाव घे रं."

"आबा, निवांत राहा," मी म्हणालो.

झेंडा पडला, आबांची बारी सुटली, आणि मी थांबलो. वाक्य मनात पूर्ण करत राहिलो. बैल समोरून गेले, धूळ उडाली, माईक तोंडापाशी तसाच. माईक बंद पडला असं समजून मंडपातला एकजण वायर हलवून बघायला लागला. माझं तोंड उघडलं तेव्हा वर माणसं बैल धरत होती. मग मी बोललो. सगळं अगदी व्यवस्थित बोललो. कुणीही मान वळवून पाहिलं नाही.

आबा घाट उतरून आले. अंगभर भंडारा होता. शिव्या घालतील असं वाटलं होतं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तब्येत बरी न्हाई व्हय?" त्यांनी विचारलं.

मी माईकची वायर सरळ करायला लागलो.

"लय कान दिऊन व्हतो मी वर. नावच आलं न्हाई."

त्यांनी माझ्या हातातला माईक घेतला. मोकळ्या घाटाकडे तोंड करून, बसक्या आवाजात, त्यांनी बैलाचं नाव एकदा स्वतःच घेतलं आणि माईक मला परत दिला. खाली पुढचा गाडा जुंपून झाला होता, आणि त्याचा मालक माझ्या तोंडाकडे बघत होता.