इदरने दगड चाटला

पाणी खात्याची जीप चालवता चालवता माझी दाढी पांढरी झाली. भूवैज्ञानिक मी ढिगाने पाहिले. बहुतेकांना खडकापेक्षा जेवणाची काळजी जास्त. इदर तसला नव्हता. नको तेवढा कामसू होता. अगादीरच्या विद्यापीठात पाच वर्षं भूशास्त्र शिकला, स्पर्धा परीक्षेत एकदा आपटला, दुसऱ्यांदा पास झाला आणि खात्यात सगळ्यात खालच्या पायरीवर चिकटला. त्या पायरीवरच्या माणसाने हातोडी, भिंग, आम्लाची बाटली आणि दगडांच्या पिशव्या पाठीवर मारून डोंगर तुडवायचे, रात्री अहवाल लिहायचा, आणि सही मात्र वरच्यांनी ठोकायची. पहिलं वर्ष पारखण्याचं. साहेब खूश झाले तरच नोकरी कायम. त्याची आई लोकांचे गालिचे विणून विणून डोळे घालवत होती. ते काम तिने सोडावं, एवढंच या पोराला हवं होतं.

रमजानात आम्हाला ताझरूत गावी पाठवलं. गावाला एकच बोअर मंजूर होती, मशीन ईदनंतर येणार होतं. जागा इदरने ठरवायची, पण गावच्या जमातीने, म्हणजे पंचमंडळींनी, हो म्हटलं तरच. नाहीतर मशीन दुसऱ्या गावाला. शेजारच्या गावात आदल्या वर्षी खारं पाणी लागलं होतं. गाढवंसुद्धा त्याला तोंड लावत नव्हती. त्यामुळे जागा ठरवायला सगळे कचरत होते. जमातीचे म्होरके दा ऊहमाद यांनी मात्र जागा कधीच ठरवून टाकली होती. त्यांच्या बदामाच्या बागेशेजारी, आणखी कुठे!

इदरने आधी कोरड्या ओढ्याकाठचा दगड फोडला, मग बागेकडचा. हा लाल होता. त्याने तो उन्हात धरून फिरवून पाहिला आणि सरळ जिभेला लावला.

"अरे ए, रोजा!" मी ओरडलो.

तो दचकला आणि थुंकतच सुटला. "सवय आहे हो, दा बिही. दगडात मीठ आहे का, ते असंच कळतं."

"तुझी सवय घाल चुलीत. तिकडे कोण उभं आहे बघ."

बदामाखाली दा ऊहमाद उभे होते.

सूर्य मावळायच्या आत गावभर झालं की सरकारी पोरगा भरदिवसा दगड खातो. तरी रोजा सोडायला आम्ही दा ऊहमाद यांच्याच घरी. पाहुण्याला दारातून परत पाठवणं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. जमातीची म्हातारी मंडळीही होती. खजूर झाले, हरीराच्या गरम सुपाचे वाडगे आले, आणि दा ऊहमाद यांनी तोफ डागली.

"दगड तोंडात घातलास की नाही?"

"घातला," इदर म्हणाला. खोटं बोलला असता तरी चाललं असतं, पण या गाढवाला ते जमत नाही. "गिळला नाही, थुंकला. बागेकडचा दगड खारट आहे, दा ऊहमाद. तिथे खणलं तर पाणीही खारंच लागेल. ओढ्याकाठचा दगड तसा नाही, तिथे खणा."

"रोज्याची चाड नाही, त्याच्या जिभेवर आम्ही बोअर खणायची? उद्या तुझ्या साहेबांना फोन करतो. दुसरा माणूस पाठवा म्हणतो."

इदरचा चेहरा पडला. मला त्याचा रागही आला आणि वाईटही वाटलं. पोराची नोकरी माझ्या डोळ्यांदेखत चालली होती आणि मी खजुराची बी चघळत बसलो होतो.

तेवढ्यात दारातून दा ऊहमाद यांच्या बायकोचा, लल्ला यामनाचा आवाज आला. हातात पळी तशीच होती.

"खुशाल करा फोन. त्याआधी सांगा, हरीरात मीठ कसं आहे?"

"बरोबर आहे. त्याचा इथे काय संबंध?"

"रोजच बरोबर असतं. ते काय आभाळातून पडतं? दुपारी मी जिभेवर थेंब घेते आणि थुंकून टाकते. गावातली प्रत्येक बाई हेच करते. गिळलं नाही तर रोजा मोडत नाही, हे मला तुमच्या आईने शिकवलं. तिचीही तक्रार करायची असेल तर करून टाका."

एका म्हाताऱ्याला असं हसू फुटलं की हरीरा त्याच्या दाढीत गेला. दा ऊहमाद यांनी वाडगा उचलून तळापर्यंत रिकामा केला.

"ओढ्याकाठी तर ओढ्याकाठी," ते शेवटी म्हणाले. "पण पोरा, खारं लागलं तर तुझी खैर नाही."

ईदनंतर मशीन आलं. आधी नुसता चिखल वर आला, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. सगळं गाव डबे घेऊन उभं होतं, पण पुढे कोणी होईना. इदरने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

"चाख की रे," मी म्हणालो.

"नाही धीर होत, दा बिही."

लल्ला यामना गर्दीतून वाट काढत पुढे आली. तिचे ईदनंतरचे पुण्याचे सहा रोजे चालू होते. तिने धारेत बोट बुडवलं आणि थेंब जिभेवर ठेवला. दा ऊहमादसुद्धा टाचा उंचावून बघत होते. बाजूला वळून ती थुंकली आणि शालीच्या टोकाने तिने तोंड पुसलं.

"मीठ नाही," ती म्हणाली. इदरच्या डोळ्यांना धार लागली. तिने डबा भरून त्याच्या हातात दिला.

"रडतोस काय? पी पोटभर. माझा रोजा आहे."