रुमाल पांढराच होता

एव्हरशाईन स्टुडिओतला तो फोटोवाला गिऱ्हाइकाच्या हातात आधी आपला पांढरा रुमाल द्यायचा आणि त्यावर कॅमेऱ्याचा रंग जुळवायचा. म्हणायचा, "पांढरं पांढरं दिसलं की बाकीचे रंग येतात जागेवर."

लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला घेऊन गेलो. फोटोत रुमाल पांढराशुभ्र आला, तिचे डोळे मात्र पिवळे. घरी ती पिवळी दिसायची तेव्हा आम्ही नव्या बल्बला शिव्या घालायचो. फोटोवाल्याने स्टुडिओतले दिवे बदलले, मग तिला दारात उन्हात उभं केलं. तरी तेच. शेवटी कॅमेरा खाली घेऊन तो माझ्या कानाशी म्हणाला, "दादा, कॅमेरा बरोबर आहे हो."

पुढे डॉक्टर झाले, औषधं झाली. तिचे डोळे पांढरे झाले ते त्या फोटोतच, त्याने कॉम्प्युटरवर करून दिले तेवढे.