सणाआधीची गिऱ्हाइकं

शुभांगीचा फोन आला तेव्हा मी डाळ-तांदूळ धूत होते. गणपती आठवड्यावर आले होते, आणि तिच्या आईकडे, सुनंदाकडे, माझा एक ब्लाउज शिवायला टाकलेला होता. सांगितलेल्या दिवसाच्या एक दिवस आधीच काम हातात ठेवायची सुनंदाची जुनी खोड. त्यामुळे तिच्या लेकीचं नाव दिसताच मी हॅलोसुद्धा न म्हणता, "झाला वाटतं?" असं विचारलं. शुभांगी म्हणाली, "मावशी... आई गेली." सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, जवळच्याच हॉस्पिटलात नेली, डॉक्टरांनी धावपळ केली, पण दुपारच्या आत सगळं संपलं. मी ओल्या हाताने फोन धरून तशीच उभी राहिले. मला सुनंदाचा रागच आला, हे खरं सांगायला हवं. एवढं काय अडलं होतं जायला, असं वाटलं... रडू नंतर आलं, ठाकूरद्वारहून लालबागला जाताना टॅक्सीत, आणि मग ते थांबेचना.

सुनंदा माझी शाळेपासूनची मैत्रीण. मी भोईवाड्यातली, ती परळची. म्युनिसिपालिटीच्या एकाच शाळेत एकाच बाकावर आम्ही वाढलो. मी मॅट्रिक होऊन फोर्टमधल्या एका कचेरीत कारकून झाले आणि लग्न करून गिरगावात आले. तिने शिवणाचा क्लास केला आणि मालवणकडच्या एका विणकराशी लग्न करून लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आली. तिचे यजमान, वसंतभावोजी, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. अबोल, नीटनेटका माणूस. वडिलांनी लग्नात दिलेली पायमशीन तिने खिडकीपाशी लावली होती, पण तेव्हा ती मशीन घरच्या उशांच्या अभ्र्यांपलीकडे फारशी चालत नसे. गिरणीचा पगार येत होता, आणि शिवण हा हौसेचा भाग होता.

मग गिरण्यांचा संप झाला. सुरुवातीला सगळ्यांनाच वाटलं, दोन-चार महिन्यांत मिटेल. पाऊस लागला तरी मिटला नाही, तेव्हा चाळ रिकामी व्हायला लागली. भावोजींचं म्हणणं सरळ होतं. गावी घर आहे, दोन वेळचा भात आहे, भाऊ आहे. संप मिटेपर्यंत तिकडे राहू, मिटला की परत येऊ. सुनंदाला ते पटत नव्हतं. सामान घेऊन गेलेली बिऱ्हाडं खोली दुसऱ्याच्या हवाली करून जात होती, आणि ती परत येणार नाहीत हे तिला दिसत होतं. शुभांगी नुकतीच पहिलीत गेली होती. एकदा इथून पाय निघाला की पोरीची शाळा, ही खोली, सगळं गेलं, असं ती मला म्हणाली. तिला लालबाग सोडायचं नव्हतं. त्यासाठी एकच गोष्ट तिच्या हाताशी होती, ती खिडकीतली मशीन.

पण शिवायचं कुणाचं? चाळीत सगळ्यांच्याच घरी ओढाताण. बायका यायच्या त्या जुन्या साडीचा फ्रॉक करून दे म्हणून, आणि त्यांच्याकडून पैसे घ्यायला हिचा हात पुढे होत नसे. एक तारखेला पगार होणाऱ्या बायका हव्या होत्या, आणि त्या माझ्या कचेरीत होत्या. मी म्हटलं, मी सांगते ना चौघींना. तर बाईसाहेबांनी मलाच दटावलं. म्हणाली, "तू कुणाला काही सांगायचं नाही. नुसती घालून हिंड." तिने मला मटक्याच्या गळ्याचा एक ब्लाउज शिवून दिला. असा बसला की मी स्वतःच आरशापुढून हलेना. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, कुठे शिवलास? मी पढवल्याप्रमाणे म्हणाले, माझी मैत्रीण शिवते, पण तिला वेळ आहे का ते विचारावं लागेल. वेळ नसायला काय झालं होतं! मशीनवर धूळ बसायची तेवढी बाकी होती. पण रिकाम्या बसलेल्या शिंपिणीकडे कुणी कापड देत नाही, हे तिला कुणी न शिकवता कळलं होतं. आठवडाभर ताटकळत ठेवून मग तिने ते कापड घेतलं. तीन पीस दिले होते, तिने एकच ठेवून घेतला आणि बाकीचे परत पाठवले. हा घालून बघा, पसंत पडला तर उरलेले द्या, असा निरोप. त्या बाई खूश झाल्या. आजवर एकाही शिंप्याने आलेलं कापड परत केलं नव्हतं.

माझ्या कचेरीतल्या बायका त्या दिवसांत लालबागला यायला बिचकत. मोर्चे, पोलिसांच्या गाड्या... म्हणून सुनंदाच यायची, जेवणाच्या सुट्टीत, कापडी पिशवी घेऊन. आमच्या रखवालदाराशी तिने इतकी ओळख केली की तो तिला बसायला स्वतःचं स्टूल द्यायचा. बायकांच्या स्वच्छतागृहात फिटिंग बघायची, खडूने खुणा करायची, आणि दुसऱ्या शिंप्याने बिघडवलेला एखादा ब्लाउज कुणी दाखवला तर तो घरी नेऊन फुकट नीट करून आणायची. मी तिच्यावर चिडले होते, उपाशी राहून धर्मादाय कसला करतेस म्हणून. ती हसली नुसती. पुढे ती फुकटातली प्रत्येक बाई जन्मभर तिच्याकडेच राहिली, आणि आपल्या बहिणी-भावजयाही घेऊन आली. मी हौसेने तिच्यासाठी कार्डं छापून आणली होती, त्यांचा तिने बिचारीने काय उपयोग केला असेल? त्यावर दोरा गुंडाळून ठेवायची.

भावोजी आषाढातच गावी गेले होते. गणपतीला सुनंदा आणि शुभांगी मागून येणार, असं ठरलं होतं. आणि नेमक्या त्याच सुमाराला कचेरीतल्या सगळ्या बायकांना गौरीसाठी नवे ब्लाउज हवे झाले. ज्या कामासाठी ती तीन महिने झुरली ते एकदम अंगावर आलं. न्यायला म्हणून भावोजी स्वतः आले, तेव्हा मी आणखी दोन पिशव्या घेऊन नेमकी तिच्या खोलीत होते. कॉटवर, मशीनवर, फडताळात, जिथे बघावं तिथे रंगीत कापडं. चाळीत उरलेली माणसं ट्रंका बांधत होती, गॅलरीत पोरांचा धिंगाणा चालला होता. भावोजी दारातच थांबले. आवाज न चढवता म्हणाले, "चार बायकांच्या पोलक्यांपायी घरचो गणपती सोडतलंस?"

सुनंदाने मशीनवरची मान वर केली नाही. म्हणाली, "गणपती दर वर्षी येणार हो. ही गिऱ्हाइकं एकदा गेली की नाही येणार." मग जरा थांबून, "या एका वर्षी नाही जमत. पुढच्या वर्षी नक्की."

ते पोरीला सणापुरतं घेऊन गेले. मला वाटलं होतं भांडण होईल, पण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीदा तरी वाटलं. पुढच्या वर्षी काम आणखी वाढलं. त्याच्या पुढच्या वर्षी शुभांगीच्या शाळेच्या बाईच तिच्याकडे शिवायला लागल्या, त्यांना नाही कसं म्हणणार? संप मिटला असं कुणी कधी धड सांगितलंच नाही. काही गिरण्या थोड्याफार चालू झाल्या, थोडी माणसं घेतली, त्यांत भावोजी नव्हते. एका इमारतीवर रखवालीचं काम त्यांनी काही महिने केलं. हात साच्याला सरावलेले, नुसतं बसून ते आजारीच पडले. शेवटी गावी गेले ते कायमचे. वैशाखात यायचे, आमसुलं आणि कुळथाचं पीठ घेऊन. पण वैशाखात लग्नसराई. ते कॉटवर बसून पेपर वाचायचे आणि ही पाठमोरी मशीनवर. दोघांचं एकमेकांवाचून अडत होतं, हे मला स्वच्छ दिसायचं. पण तिच्या शिवणावर खोली टिकली होती, शुभांगी शिकत होती... सांगणार तरी कुणाला काय?

तिला सवड मिळायची ती फक्त पितृपक्षात. त्या पंधरवड्यात कुणी नवं कापड शिवायला टाकत नाही. मग ती गावी जायची. सगळे चाकरमानी परत आलेले असत, तेव्हा हिची एसटी उलट्या दिशेने निघायची. एका वर्षी मलाही तिने ओढून नेलं. घरात शिरताच ती पाय न धुता माजघरात गेली. गणपतीची जागा रिकामी होती, पण वर माटवी तशीच टांगलेली होती. लाकडी चौकटीला फळं-पानं बांधून गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती. विसर्जनानंतर ती उतरवतात, पण भावोजी तिच्यासाठी ठेवायचे. काकड्या सुकून सुरकुतलेल्या, पानं काळी पडलेली. ते मागे येऊन उभे राहिले आणि मूर्ती कुठे होती, आरास कशी होती, ते तिला हाताने दाखवायला लागले. ती 'हं, हं' करत होती. मी तिथून निघून पडवीत आले. मला ते बघवेना.

अलीकडे गिऱ्हाइकं कमी झाली होती. माझ्या बरोबरीच्या निवृत्त झाल्या, त्यांच्या सुना कुर्ते घालतात आणि तयार ब्लाउज विकत आणतात. शुभांगी चांगली मिळवती झाली, आईला सारखी म्हणायची, पुरे आता, बाबांकडे जाऊन राहा. मीही म्हणाले. चार-दोन बायका उरल्यात, त्यांच्यासाठी दर गणपतीला अडून बसायचं काय कारण? तिने चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला. मग म्हणाली, "आता चार बायकांना सोडून गेले तरी चालतं म्हटलं, तर मंगल, तेव्हा का नाही गेले?" तिला गिऱ्हाइकं कशी मिळवायची हे कळत होतं, पण मिळवलेली सोडायची कशी, ते तिला कुणी सांगितलं नाही, आणि मलाही सांगता आलं नाही.

भावोजी रात्रीच्या गाडीने आले, पहाटे पोचले. सुतकामुळे गावच्या घरी यंदा गणपती आणला नाही. दिवसकार्य होईपर्यंत ते लालबागलाच राहिले. एवढ्या वर्षांत गणपतीच्या दिवसांत ते या खोलीत पहिल्यांदाच होते. मी रोज जात होते. गिऱ्हाइकांना कळवणार कोण आणि कसं? बायका आपल्या ठरल्या दिवशी येत होत्या, आणि दारातच हबकत होत्या. सगळ्यांचे ब्लाउज तयार होते, घड्या घालून, हुक लावून. भावोजी गॅलरीत स्टुलावर बसायचे आणि एकेकीचं नाव विचारून आतून तिची पिशवी आणून द्यायचे. सुतकातल्या घरातून गौरीचं कापड न्यावं की नाही, असं दोघी-तिघींच्या तोंडावर दिसलं. तरी नेलं सगळ्यांनी. एक म्हातारी पारशीण भावोजींचा हात धरून रडली. ते तिच्याकडे बघतच राहिले. या बायका त्यांनी कधी पाहिल्याच नव्हत्या.

गणपतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी आत शुभांगीजवळ बसले होते. खाली ताशा वाजत होता. जिन्याने धापा टाकत एक बाई आल्या, नायगावच्या, सुनंदाच्या जुन्या गिऱ्हाईक. गॅलरीतूनच बोलायला लागल्या, की फार उशीर झाला, लेकीचं बाळंतपण होतं, आता गौरीला होणार नाही हे ठाऊक आहे, पण निदान कापड तरी देऊन जावं... सुनंदाताई आहेत ना?

मी उठले. आता हेही सांगायचं, म्हणून दारापर्यंत आले. तोवर भावोजी बोलले होते.

"ती गावाक गेली," ते म्हणाले. "गणपतीक."

त्या बाईंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, "गेल्या का अखेर? बरं झालं हो. दर वर्षी नुसतं पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणायच्या." मग त्यांनी हातातली पिशवी पुढे केली. "आल्या की द्या त्यांना. काही घाई नाही म्हणावं."

भावोजींनी पिशवी घेतली. आत येऊन मशीनच्या बाजूच्या खिळ्याला अडकवली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शुभांगीने माझ्याकडे पाहिलं, मी 'राहू दे' म्हणून मान हलवली.

आता पितृपक्ष चालू आहे. भावोजी गावी परतले आहेत. परवा लालबागला शुभांगीकडे गेले, तर ती पिशवी त्याच खिळ्याला होती. आत निळं कापड आहे, आणि मापाचा एक जुना ब्लाउज. त्या बाईंकडे जाऊन खरं काय ते सांगायला हवं, कापड परत करायला हवं. ते काम माझ्याकडे आहे. मी अजून गेलेले नाही.